शंकूला लावलेलं कुंकू

मित्रांनो, रस्त्याचं काम चालू असलं की कडेला नारिंगी शंकू उभे असतात ना, त्यांतलाच मी एक. जुना, बुडाशी चिरलेला. साच्यातून निघालो तेव्हा माझा रंग असा झळाळे, की गाड्या दुरूनच हळू होत. पहिलं काम औंढ्याच्या रस्त्यावर. शेजारीच सप्त्याचा मंडप. दिवसभर धूळ खायची अन् सांज झाली की कीर्तन ऐकायचं! सप्त्यात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एक वीणेकरी थकला की दुसरा ती गळ्यात घेतो, हे मला तिथंच कळलं. वीणा घेऊन त्या पहाऱ्याला उभं राहणं म्हणजे मोठं भाग्य.

पुढे ट्रकचं चाक माझ्यावरून गेलं. फेकून दिलेल्या मला एका शिपायानं उचललं अन् हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं. तिथं छातीच्या रोग्यांची चालण्याची परीक्षा घेतात. व्हरांड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दुसरा शंकू. सहा मिनिटं आम्हाला वळसे घालायचे. दम लागला तर थांबावं, पण घड्याळ थांबत नाही. किती अंतर चाललं, त्यावरून माणूस किती काळ काढील याचा डॉक्टर अंदाज बांधतात.

एकदा कुरुंद्याचे सोनाजी आले. हळद शिजवायच्या कढईच्या धुरात सारा जन्म गेलेला. सोबत बायको मंजुळाबाई अन् मुलगा सोमेश्वर.

"डॉक्टरसाहेब, सप्ता जवळ आला. पहाऱ्याला वीणा घेऊ द्या. दुसरं काई मागत न्हाई."

"आधी चालून दाखवा," म्हणून डॉक्टर आत गेले.

परीक्षा घेणाऱ्या दीक्षाताई पलीकडच्या टोकाला सोनाजींच्या बोटाला यंत्र लावत होत्या. तेवढ्यात मंजुळाबाई माझ्यापाशी आल्या. पिशवीतून डबी काढली अन् मला कुंकू लावलं.

"देवा, तुझ्या हाती निकाल हाय. मालकाला बराबर पास कर."

असा मान मला कुणी दिला नव्हता. मी फुलून गेलो! मंजुळाबाई बाकावर जाऊन डोळे मिटून नाम घेत बसल्या.

सोनाजी चांगले चालत आले. पण कुंकू दिसलं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, वाकून डोकं टेकवलं, चपला घातल्या अन् मग वळले. पुन्हा आले, पुन्हा तसंच. दर फेरीला.

लांबून काय दिसणार? वाकलेला म्हातारा. "काका, दम लागला तर खुशाल थांबा!" दीक्षाताई ओरडल्या. चालताना बोलायचं नाही असं बजावलेलं होतं. आज्ञाधारक माणूस, बोलला नाही.

"दर वळणाला थांबत होते," परीक्षा संपल्यावर दीक्षाताईंनी डॉक्टरांना सांगितलं.

"अंतर फार कमी," डॉक्टर सोनाजींसमोरच सोमेश्वरला म्हणाले. "हिवाळा निघणं कठीण. वीणा विसरा."

उन्हाळ्यात मंजुळाबाई एकट्याच आल्या, उरलेल्या गोळ्या परत द्यायला. कपाळ मोकळं होतं. शिपायाला सांगू लागल्या,

"वीणा दुसऱ्याला देली, तवापासून खाटंवरून उठलेच न्हाईत. पोरगं म्हणे, जायचेच हायेत तर गोळ्यांची तकलीफ काहून द्यायची? भावकी दारातूनच इचारायची, 'हाय का आजून?' त्यायला आत ऐकू यायचं."

तेवढ्यात एक रोगी माझ्यापाशी येऊन वाकला. दीक्षाताई ओलं फडकं घेऊन आल्या.

"कुणी कुंकू लावलं कोण जाणे! जो तो इथं थांबतो अन् अंतर चुकतं, हे आता कुठं लक्षात आलं. आज पुसूनच टाकते."

मंजुळाबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजी... आमचे मालक थकून थांबले नव्हते?"

दीक्षाताईंचा हात तिथंच थबकला.

"आणा इकडं ते फडकं. म्याच लावलं व्हतं."

त्यांनी स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. पुसून झालं तरी घासतच राहिल्या.

मित्रांनो, माझ्या चिरेत अजून थोडी लाली उरली आहे. बुवा कीर्तनात सांगायचे, देव माणसात पाहा. म्हणून पाया पडतो, मला पुजू नका. चालणारा थांबला, तर त्याच्याजवळ जाऊन विचारा, "बाबा, काहून थांबलात?" अन् ज्याचे दिवस थोडे सांगितलेत, त्याच्या गळ्यातली वीणा तो देईपर्यंत घेऊ नका.