बाजूची नजर

"माह्याकडे पाहून बोल वं," रुपराव बायकोवर खेकसला.

प्रेमिलानं मान उचलली आणि त्याच्या कानाशेजारच्या काळोखाकडे बघत म्हणाली, "पाहूनच तं बोलून राहिली."

काटोलजवळची ही त्याची सासुरवाडी. भाऊबीज आटोपली, तेवढ्यात लाईट गेली, म्हणून तिघं गच्चीवर येऊन बसली होती. तो, प्रेमिला आणि लेक अपेक्षा.

वाडी गावातल्या एका गोदामाच्या फाटकावर पहारा देण्यात रुपरावची हयात गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं आणि जो नजर चोरेल त्याची गाडी उघडायला लावायची, एवढीच त्याची विद्या. आणि आता घरचीच बाई कित्येक महिने नजर चोरत होती! लेकीशी कुजबुजायची, तो आला की दोघी गप्प. आज तर कहरच झाला. भावाला ओवाळताना तिनं कुंकू कपाळ सोडून थेट भुवईवर लावलं. सगळे पोट धरून हसले, रुपराव मात्र हसला नाही. दाल में काला आहे, हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं.

"बाबा, भांडण सोडा, वर पाहा," अपेक्षा म्हणाली. "त्या दोन चांदण्यांच्या वर पुसट डाग आहे नं? ते देवयानी. दुसरी आकाशगंगा. तिथला उजेड इथं याले पंचवीस लाख वर्षं लागतात."

रुपरावनं डोळे ताणले. काळोखाशिवाय काही नव्हतं. "कायले बनवून राहिली वं बापाले?"

"सरळ नका पाहू. जरा बाजूले पाहा, मंग दिसते."

"सरळ पाहून जे दिसत नाही, ते खरं कसं?"

"मले दिसलं," प्रेमिला म्हणाली. "पोळपाटावर पीठ उरते, तसं आहे."

"झूठ! बोट दाखव."

तिनं बोट दाखवलं. अपेक्षानं बोटाच्या रोखानं बघून मान डोलावली.

"एवढ्या लवकर तुले कसं सापडलं?" रुपरावचा आवाज फाटकावरचा होता.

"आई, सांगून टाक आता," अपेक्षा हळूच म्हणाली.

प्रेमिलानं पदर सारखा केला. "मले सरळ दिसतच नाही. मधात काळं येते, बाजूचं तेवढं दिसते. डॉक्टर म्हणे, गेली ती नजर वापस येत नाही. तुमाले सांगतलं असतं तं ड्युटीवर माह्याच डोळ्यांचा घोर करत बसले असते."

महिनोन्‌महिने रुपरावनं आपल्या बायकोला चोरासारखं तपासलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मंग मी कसा दिसतो तुले?"

"समोर बसले तं सरळ पाहून नाही दिसत."

तो उठला. तिच्या समोरची जागा सोडून जरा बाजूला सरकून बसला.

"आता?"

"आता दिसता," समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत प्रेमिला म्हणाली. "दाढी वाढली आहे तुमची."