मास्तरांच्या बाजूचा क्लच

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन क्लच असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. आतून एकाच सळईने जोडलेले, त्यामुळे एक दाबला की दुसराही खाली जातो. ही सोय शिकणाऱ्याच्या जिवासाठी आहे, असं स्कूलचे मालक सांगतात. मास्तर म्हणत, माझ्या.

हा क्लच अधूनमधून किंचाळू लागला, तेव्हा मास्तरांनी गाडी मेहुण्याच्या गॅरेजात नेली. मेहुणा म्हणजे त्यांच्या दिवंगत बायकोचा धाकटा भाऊ. बायको गेल्यावरही नातं टिकलं होतं, निम्मं मायेमुळे आणि निम्मं गाडीमुळे. मेहुण्याने इंजिन चालू केलं, क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडी गप्प. डॉक्टरसमोर पोट दुखायचं थांबतं तशी. त्याने अंदाजाने इंजिनचा पट्टा बदलला. आवाज परत आला. मग पेडलच्या सांध्यांना तेल पाजलं. आवाज परत आला, फक्त जरा मऊ सुरात.

"भावजी, हा नक्की येतो कधी?" मेहुण्याने शेवटी विचारलं.

मास्तर म्हणाले, कधीही. खोदून विचारल्यावर म्हणाले, सकाळी. आणखी खोदल्यावर, एक दिवसाआड सकाळी. कॉलेजातली पोरं चालवतात तेव्हा येत नाही. बँकेतले साहेब चालवतात तेव्हा तर नाहीच, आणि ते साहेब क्लच असा सोडतात की मास्तरांना मानेला पट्टा बांधावा लागतो. येतो तो फक्त चष्म्याच्या दुकानातल्या बाई शिकायला असतात तेव्हा.

मग दोष बाईंच्या पायाचा, असा निकाल मेहुण्याने दिला. तो मास्तरांना झोंबला. बाईंचा पाय फार हलका आहे, हे त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितलं. तेव्हा मेहुण्याने ठरवलं की एकदा मागच्या सीटवर बसून ऐकायचं.

बाई पन्नाशीच्या, एकट्या, दुकान स्वतःचं. थोरली बहीण डोंगरावरच्या गावात अंथरुणाला खिळलेली, आणि बस पायथ्याशीच सोडते. त्या चढासाठी बाई या वयात गाडी शिकत होत्या. परीक्षा आठवड्यावर आली होती. मेहुणा मागे बसलाय म्हणून त्या जरा अवघडल्या, पण गाडी नीट चालवत होत्या. बाजार मागे पडला आणि आवाज सुरू झाला. बाई गाडीला सॉरी म्हणाल्या.

मेहुणा दोन सीटांच्या फटीतून खाली वाकला. बाईंचा पाय क्लचवर नव्हताच. मास्तरांचा होता. नुकताच पॉलिश केलेला डावा बूट पेडलवर टेकला होता, झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवावा तसा. चढ आला. बाईंनी क्लच सोडला, इंजिनने आचका दिला, आणि तो बूट हळूच खाली गेला, थांबला, जपून वर आला. गाडी चढली.

"जमलं," बाई म्हणाल्या.

"छान," मास्तर म्हणाले.

गॅरेजात परतल्यावर मेहुणा बराच वेळ हात पुसत राहिला. मग त्याने समजावलं, की क्लचच्या आत एक बेअरिंग असतं. पेडल पूर्ण दाबलं तर ते गप्प, पूर्ण सोडलं तरी गप्प. पण नुसता पाय टेकवून बसलं की घासत राहतं, झिजतं आणि ओरडतं.

"बेअरिंग मी बदलतो," तो म्हणाला. "पायाचं काय करायचं, ते तुम्ही बघा." आणि मास्तर भिंतीवरचं टायरचं पोस्टर वाचायला लागले तेव्हा, "ताई असती तर गाडीत न बसता ओळखलं असतं तिने. बोला त्यांच्याशी, भावजी. नाहीतर निदान शिकवा तरी. त्या डोंगरावर तुमचा बूट नसणार."

पुढच्या खेपेला गाडी मुकाट होती. मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. चढावर बाईंनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. मागे टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. आज मला झालंय तरी काय, असं बाई पुटपुटल्या. नवीन पार्ट जरा कडक आहे, हे वाक्य मास्तरांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"इथे गाडी तुम्ही चढवत नव्हता," ते म्हणाले. "मी चढवत होतो. माझ्या बाजूने."

बाईंनी हँडब्रेक ओढला. टेम्पोवाला शिव्या देत बाजूने निघून गेला.

"कधीपासून?"

"पहिल्या चढापासून."

"सगळ्यांनाच असं करता?"

मास्तर समोरच्या काचेतून बघत राहिले. "नाही."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. काचेवर काही डाग होता असं वाटलं नाही.

"म्हणजे मला येतच नाही."

"अर्धं येतं."

"अर्ध्या वाटेवर माझी बहीण भेटत नाही, मास्तर."

मग मास्तरांनी शिकवलं. क्लच सावकाश सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला की पाय तिथेच धरायचा, आणि मग हँडब्रेक सोडायचा. बँकेतल्या साहेबांना त्यांनी हे दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. बाईंना सांगायचं राहून गेलं होतं, रोज.

गाडी आचके देत चढली. खाली जाऊन त्या पुन्हा आल्या. पुढच्या वेळी आचके कमी झाले, त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. मास्तर चुका सांगत होते, आणि सांगण्यासारख्या चुका संपत चालल्या होत्या. एखादी तरी राहावी असं त्यांना फार वाटत होतं. सीटखाली त्यांचा डावा पाय आपोआप ताठ व्हायचा. ते उजव्या पायाने त्याला दाबून धरायचे.

चढाच्या मध्यावर बाईंनी मुद्दाम गाडी थांबवली.

"परीक्षा झाली की शेजारी कोणी बसलं तर चालतं?"

"चालतं. पण त्याच्याकडे पेडल नसतं."

"मग तो करतो काय?"

"काही नाही. नुसता बसतो."

"तुम्हाला जमेल तसं?" बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "डोंगर मोठा आहे."

मास्तरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. बाईंनी बोटानेच थांबा म्हटलं, इंजिनचा आवाज जड होईपर्यंत ऐकलं, आणि हँडब्रेक सोडला.