चकचकीत ट्रे

तिसऱ्यांदाही मूल पोटात राहिलं नाही, तेव्हा सुहासिनीनं बोलणंच टाकलं. मग तिच्या भावानं वेल्ह्याहून मधमाश्यांची पेटी आणून आमच्या परसात ठेवली आणि माझी बायको पुन्हा बोलू लागली. माझ्याशी नाही, माश्यांशी. मला तेही पुष्कळ होतं.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. चिंचवडच्या आमच्या बैठ्या चाळीत नळ एकच, आणि माश्या पाण्याला तिथंच जायच्या. शेजारच्या मंजुळाबाईंना एक चावली.

"आठ दिसांत ह्यांचं बघा, न्हाईतर पेटी हितनं हालवा," त्या म्हणाल्या.

सुहासिनी घाबरली. "कुंभाराकडून मातीचं परळ आणा. आत खडे ठेवते. माश्या त्यावर बसून पाणी पितील, बुडायच्या नाहीत."

मी कंपनीत फिटर. फिटरच्या घरात मातीचं परळ? आमची शेगडी, किसणी, देवाची समईसुद्धा कंपनीच्या भंगारातून मी घडवलेली. मी पत्र्याचा ट्रे केला. कड दुमडून गोल केली, हाताला लागू नये म्हणून. गंजू नये म्हणून प्लेटिंगवाल्या ज्योतीरामकडून मुलामा देऊन घेतला आणि तीन पाण्यांनी धुतला. सुहासिनीनं त्यात खडे मांडले, पाणी भरलं.

"या गं बायांनो," ती म्हणाली. त्या आल्या. ती हसली, आणि मी स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी पेटीपुढं मेलेल्या माश्यांचा खच पडला. चौथ्या दिवशी पेटीत गुणगुणही उरली नाही.

कँटीनमध्ये ज्योतीरामला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"मुकुंदराव, कड दुमडलेली होती ना? मुलाम्याच्या टाकीतलं सायनाइड, जालीम विष, त्यात शिरून बसतं, मग हळूहळू पाण्यात उतरतं. प्यायच्या पाण्याला पाहिजे म्हणाला असतात, तर मी हात लावला नसता."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथं पेटी रिकामी झाली.

घरी आलो तर सुहासिनी पायरीवर बसलेली. ट्रेमधले खडे काढून तिनं ओच्यात घेतले होते.

"पाणी मीच भरलं होतं," ती म्हणाली. "माझ्या हाताला कुणीच जगत नाही."

मला सगळं सांगायचं होतं. पण मग ती माझ्याकडे कशी बघेल, या भीतीनं जीभ उचलेना. मी ट्रे उचलून परसाच्या भिंतीपलीकडे टाकला, परत येऊन तिच्याशेजारी बसलो. तिनं वाट पाहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी बोललो नाही. तीही पुन्हा बोलली नाही.