न गेलेले पत्र

मित्रांनो, सरळ बसून ऐका. मध्येच तोडलेले मला खपत नाही. मी एक जुनी लोखंडी प्रेस आहे. छापखान्यातली नव्हे, पत्रांच्या नकला उतरवणारी. ताज्या शाईच्या पत्रावर पातळ ओला कागद ठेवून माझा दांडा आवळला, की अक्षरे त्या कागदात उतरत. पत्र टपालाने जाई, नक्कल कचेरीत राही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर ॲन्सेल थॉर्सगार्ड यांनी मला घेतले. रेल्वे कंपन्यांनी त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे अर्धे पुढारी खिशात घातले होते. आपल्याच पक्षातली ती घाण उपसायला थॉर्सगार्ड उभे राहिले, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून लाक्रॉस गावचे ल्यूथर पेटीबोन. दर आठवड्याला पेटीबोनांना पत्र जाई. चिटणीस हुल्डाबाई कागद भिजवत आणि जास्तीचे पाणी टिपून घेत. कुणी मध्ये हात घातला तर म्हणत, "तुम्ही रेल्वेवाल्यांना पाणी पाजा, कागदाला मी पाजते." माझ्या नकला पाहायला इतर कचेऱ्यांतली माणसे येत. मान होता मला.

मग एकोणीसशे बारा साल आले आणि सुधारकांतच फूट पडली. पेटीबोन नव्या पक्षात निघाले. थॉर्सगार्डांनी भरसभेत त्यांना फितूर म्हटले. शनिवारी लाक्रॉसला पेटीबोन नव्या पक्षाची घोषणा करणार होते. मते फुटली की रेल्वेवाल्यांचा माणूस निवडून येणार, हे दोघांनाही कळत होते.

गुरुवारी सकाळी थॉर्सगार्डांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. मी चुकलो, शनिवारची घोषणा थांबव, मी येतो, एवढाच मजकूर. दुपारच्या गाडीने ते जायला हवे होते. हुल्डाबाई नक्कल काढायला पुढे झाल्या, तर थॉर्सगार्डांनी त्यांना थांबवले. आपली माफी चिटणिसाने वाचावी, हे त्यांना सोसेना.

त्यांनी स्वतःच कागद भिजवला, पण टिपला नाही. माझा दांडा मात्र सगळे बळ लावून आवळला. पत्र बाहेर निघाले तेव्हा शाई पसरून निळा चिखल झाला होता.

"पुन्हा लिहा. गाडीला वेळ आहे," हुल्डाबाई म्हणाल्या.

"एकदा वाकलो, हुल्डाबाई. दोनदा वाकणारी पाठ नाही माझी."

"मग असंच पाठवा."

"हे? हसेल तो."

पत्र शेगडीत गेले. शनिवारी घोषणा झाली, मते फुटली आणि रेल्वेवाल्यांचा माणूस निवडून आला. मला काही वाटले नाही. त्यानंतर मला फारसे काही वाटतच नाही.

पुढे कार्बन कागद आला. मला कोळशाच्या बादलीशेजारी ठेवले. माझ्यावर ओल्या टोप्या ठेवत. दांडा गंजला.

थॉर्सगार्ड वारले, आणि कचेरी आवरताना एक म्हातारा काठी टेकत आला. पेटीबोन. हुल्डाबाईंनी त्यांना त्या गुरुवारची हकीकत सांगितली.

"डाग पडला म्हणून?" त्यांनी विचारले.

"हो."

"अहो बाई, त्याचं अक्षर म्हणजे मुळातच डाग. सगळी वर्षं तेच तर वाचत आलो."

त्यांनी माझा दांडा फिरवून पाहिला. तो हलला नाही.

मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. पण तुमच्या मेजावर एखादे डागाळलेले पत्र पडले असेल, तर ते स्वच्छ उतरवत बसू नका. उठा, आणि आजच्या गाडीने जाऊ द्या.