चायना ग्रासची गांडुळं

आमच्या ह्यांना मासे पकडायचे नव्हते, कंपनीचं क्वार्टर हवं होतं. खरं सांगायचं तर ते मला हवं होतं. बंगळुरात यशवंतपूरच्या चाळीत सात बिऱ्हाडांना एक नळ. तीन वर्षं त्या रांगेत उभं राहून माझी कंबर गेली होती. क्वार्टर द्यायचं कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या हातात. साहेब मूळचे बेळगावचे, आणि त्यांना नाद गळ टाकून बसायचा.

एकसष्ट साली त्यांची गळाला लावायची परदेशी रबरी गांडुळं संपत आली. त्यातच एकदा त्यांच्या आचाऱ्याला माशाच्या पोटात अख्खं रबरी गांडूळ सापडलं. "पाण्यात आपोआप कुजून जाईल असं मऊ गांडूळ कुणी करून देईल का?" असं साहेब सहज बोलून गेले. आमच्या ह्यांनी, म्हणजे त्रिविक्रम गोगटे, बी. ई., पुणे, यांनी ते शिरावर घेतलं.

जिलेटिन हाडांचं, म्हणून ते बाद. मग समुद्री शेवाळाचं चायना ग्रास आलं, माझ्या खिरीच्या पातेल्यात शिजलं. त्यात कणीक, वासाला हिंग, रंगाला बिटाचा रस. पंधरा दिवस स्वयंपाकघर ह्यांचं आणि मी पाहुणी. प्रत्येक गांडूळ व्हर्नियरने मोजलं. बादलीतल्या पाण्यात ते चार दिवसांत विरतं, याचा तक्ता केला, तोही तीन प्रतींत.

शेजारच्या सकवारबाईंचं घराणं तीनशे वर्षं बंगळुरात. त्यांचे यजमान दर रविवारी गळ घेऊन तळ्यावर. दारातून बघत त्या म्हणाल्या, "अण्णा, गळाला लावून बघितलं काय? स्वल्प ओढून तरी बघा."

"आमच्या घरात गळ येणार नाही," हे म्हणाले. "जीवहत्येचं हत्यार आहे ते."

मासा मरावा म्हणून गांडूळ करायचं, पण गळाला शिवायचं नाही. सोवळं आणखी कशाला म्हणतात?

साहेबांना गांडुळं दाखवायला आम्ही तळ्यावर निघालो, तेव्हा सकवारबाईंनी माझ्या पिशवीत एक डबा सरकवला. "राहू दे अक्का." आत ओली माती आणि खरी गांडुळं.

तळ्यावर साहेबांनी ह्यांचं गांडूळ गळाला टोचलं, ते तिथंच तुटलं. दुसरं कसंबसं बसलं. साहेबांनी काठी फिरवली तर गळ एकीकडे, गांडूळ दुसरीकडे. सातव्यापर्यंत तेच. हे तक्ता उघडून विरण्याचा वेळ समजावत बसले. साहेबांचा चेहरा उतरत गेला. नळ हातचा चालला होता.

मी डबा पुढे केला. दहा मिनिटांत हातभर मासा वर आला.

"अशी जाडजूड गांडुळं कुठं मिळतात, वहिनी?"

"जागा ओलसर हवी, साहेब. मागे अंगण, अंगणात स्वतःचा नळ. चाळीत कुठलं जमायला?"

महिन्याभरात जयनगरचं क्वार्टर मिळालं. अंगण, नळ, सगळं. पहिल्याच शनिवारी, गांडुळं भरून पाठवा म्हणून, साहेबांचा रिकामा डबा आला. ह्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझ्याच्याने हे पाप होणार नाही."

मी खणते. नळ माझा आहे. भरलेला डबा मात्र ह्यांच्याच हाती पाठवते, आणि झाकण मुद्दाम सैल लावते, वाटेत एखादं ह्यांच्या बोटाला शिवेल इतकं.