आधी गळती, मग रंग

रंगाऱ्याने पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्या डागावर तिसऱ्यांदा ब्रश फिरवला, तरी डाग हटेना. "बाबा, भिंत साफ आहे," लेक म्हणाली. त्याने वर बघितलं, तर तोच डाग आता छतावर.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मधुमेहाने पडद्यातल्या चेतापेशी मारल्यात आणि रक्तवाहिन्या पाझरतायत. गेलेलं परत येणार नाही. लेझर केलं नि साखर ताब्यात ठेवली, तर उरलेलं राखता येईल."

"आता शिडी विकूनच टाकते," लेक म्हणाली.

"हात तर लावून बघ." रंगारी डॉक्टरीणबाईंकडे वळला. "जन्मभर गिऱ्हाइकांना दटावत आलो, आधी गळती थांबवा, मग रंग. मारा तुमचं लेझर. गोळ्या नि पथ्य माझ्याकडे लागलं. त्या साखरेला म्हणावं, आता गाठ रंगाऱ्याशी आहे."