टाकी वाजवून पाहणारा मर्ल

माझी बहीण आर्डिस हिचा नवरा मर्ल होस्टेटलर चीजच्या कारखान्यात परीक्षक होता. एकतीस वर्षं. चीजचं मोठं चाक समोर आलं की तो बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा आणि कान लावून सांगायचा, आत भोकं नीट पडलीत की नाही, कुठे चीर आहे का, अजून किती दिवस मुरवायचं. आमच्या ओहायोच्या त्या भागात त्याच्या कानाला मान होता. फक्त चीजपुरता.

बाकी मर्लच्या अंगात धाडस म्हणून काही नव्हतं. गाडी तो इतकी हळू चालवायचा की मागून येणारी घोडागाडी कंटाळून पुढे निघून जायची. मोटारसायकलवर तो आयुष्यात एकदाही बसलेला नव्हता. आणि तरी टीव्हीवर डाल्की बंधूंचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सगळ्यात आधी वेडा झाला तो मर्लच.

कार्यक्रम असा होता. मिझुरीत बर्ट आणि वेन डाल्की नावाच्या दोन भावांचं वर्कशॉप. दर भागात एक नवी बाईक, तीही सहा दिवसांत, अगदी एकमेव, दुसरी तशी जगात नाही. थोरला बर्ट पत्र्याचं काम करायचा, म्हणजे पेट्रोलची टाकी, मडगार्ड, सगळं ठोकून घडवायचा. धाकटा वेन इंजिनाचं बघायचा. तिसऱ्या दिवशी दोघांचं भांडण, चौथ्या दिवशी नटबोल्टच्या पान्यांची फेकाफेक, सहाव्या दिवशी बाईक तयार. 

दर सोमवारी संध्याकाळी आठ वाजता आम्ही अकरा जण गावच्या अग्निशामक केंद्राच्या हॉलमध्ये जमायचो, कारण मोठा टीव्ही तिथेच होता. अकरांपैकी खरी मोटारसायकल एकाकडेच होती, लोवेल ट्रॉयरकडे. पण हवा चांगली असली की हा लोवेल बाईक घेऊन फिरायला जायचा आणि भाग चुकवायचा. त्यामुळे त्याला आम्ही फारसं मोजत नव्हतो.

हॉलमध्ये दोन पक्ष होते. मर्ल बर्टच्या पक्षाचा पुढारी, मी वेनच्या.

"पत्रा म्हणजे काय पिठाचा गोळा आहे का लाटायला?" मर्ल म्हणायचा. "बघ, ग्लेन, बघ तो हात. अख्खी टाकी नुसती हातोडीने घडवतोय."

"आणि आत इंजिन कोण घालणार? तुझी मावशी?" मी म्हणायचो. "वेन नसेल तर ती टाकी फुलदाणी म्हणून ठेवावी लागेल."

बर्टचं एक वाक्य ठरलेलं होतं. दर भागात टाकी तयार झाली की तो ती कॅमेऱ्यापुढे धरून म्हणायचा, "यात पुट्टीचा एक कण नाही. नुसता पत्रा." पोचे पडले की पुट्टी भरायची, घासायची आणि वर रंग मारायचा, हा आळशांचा धंदा, असं त्याचं मत. मर्लचंही तेच मत झालं होतं. माझ्या जुन्या ट्रकच्या दाराला गॅरेजवाल्याने पुट्टी भरली, तर मर्ल आठवडाभर त्या दाराच्या बाजूने ट्रकमध्ये चढला नाही.

दोन हजार चारच्या जूनमध्ये डाल्कींनी जाहीर केलं की शनिवारी वर्कशॉप सगळ्यांसाठी खुलं. मर्लने कारखान्यातून रजा काढली. एकतीस वर्षांत आजारपण सोडून घेतलेली ही त्याची तिसरी रजा. पहिल्या दोन लग्नाची आणि आईच्या अंत्यविधीची.

"हनिमूनला मला नायगारा दाखवायला तुला सवड नव्हती," आर्डिस म्हणाली.

"नायगारा कुठे पळून जातोय?"

"आणि मिझुरी पळून जाणार आहे?"

पण गाडी तिनेच चालवली. मर्लने चालवली असती तर आम्ही पुढच्या शनिवारी पोचलो असतो. शुक्रवारी पहाटे आम्ही तिघं निघालो, दहा तास गाडीत. मर्लने मागच्या सीटवरून आम्हाला तेवीस भाग सांगितले. आर्डिसने इंडियानापासून रेडिओ मोठा केला.

शनिवारी सकाळी वर्कशॉपच्या दारात हजारभर माणूस. मर्लच्या अंगात काळा टी-शर्ट, छातीवर बर्टचा चेहरा. आर्डिसने इस्त्री जरा जास्तच गरम लावल्याने बर्टचं नाक थोडं वितळलं होतं. दोन तासांनी आम्ही आत पोचलो. सगळ्या बाईक दोरीच्या पलीकडे होत्या, एक सोडून. ती लाल बाईक, अग्निशामक दलासाठी केलेली, टाकीवर ज्वाळा. आमच्या हॉलमध्ये ज्या भागाला सगळे उठून उभे राहिले होते, त्याच भागातली. तिला हात लावायची परवानगी होती. शेजारी टेबल टाकून स्वतः बर्ट डाल्की लोकांच्या टोप्यांवर सह्या करत बसला होता.

मर्लने आधी टाकीवरून हात फिरवला. मग, मला वाटतं त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसेल, बोटाच्या पेराने टकटक केली. थोडं खाली पुन्हा टकटक. मग बाजूला, ज्वाळा संपतात तिथे. त्याचा चेहरा मी ओळखतो. चीजचं चाक नापास करायच्या आधीचा चेहरा होता तो.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही. चल."

"अरे, सही घे ना. एवढा उतावीळ होतास."

"नको. चल म्हणतो ना."

पण बर्टचा सही करणारा हात थांबला होता. "ओ साहेब," तो म्हणाला. "पुन्हा वाजवा बरं."

मर्ल लाल झाला. "नाही हो, सहज. सवय आहे. मी चीज तपासतो."

बर्टने टोपी बाजूला ठेवली. रांगेतल्या लोकांना म्हणाला, "पाच मिनिटं," आणि आम्हा तिघांना मागच्या दाराने आत घेऊन गेला.

मागे लहानशी खोली होती. तिथे धाकटा वेन पाय टेबलावर टाकून सँडविच खात होता. कार्यक्रमात याच माणसाने पाच दिवसांपूर्वी बर्टच्या डोक्यावरून पाना भिरकावला होता. आता त्याने अर्धं सँडविच भावासाठी कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

"काय ऐकलंत?" बर्टने मर्लला विचारलं.

मर्ल जमिनीकडे बघत होता. "डावीकडे ठीक आहे. उजवीकडे खाली बद्द वाजतं. तळहाताएवढ्या जागेत. तिथे पत्रा नाही, म्हणजे पत्रा आहे, पण वर दुसरं काहीतरी थापलंय."

वेनने चावणं थांबवलं. "शेवटी ओळखलं कुणीतरी," तो म्हणाला.

"पुट्टी आहे," बर्ट म्हणाला. "सहा दिवसांत टाकी होत नसते हो. मला दोन महिने लागायचे. टीव्हीवाले म्हणाले, सहा दिवस. मी म्हटलं, नाही जमणार. ते म्हणाले, मग शेजारच्या गावात दुसरा आहे. पहिल्या वेळी भरली तेव्हा वाटलं, एवढी एकच वेळ."

 मर्लच्या छातीवरचा वितळलेल्या नाकाचा बर्ट आणि समोरचा बर्ट, दोघेही त्याच्याकडे बघत होते. मला खरं तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तीन वर्षांचा वाद एका टकटकीत मी जिंकलो होतो. मी वेनकडे वळलो आणि म्हणालो, "तुमच्या इंजिनांचं असलं काही नाही, हे आम्हाला आधीपासून माहीत आहे. मी तुमचा माणूस."

वेनने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला माझी दया आली असावी. "इंजिनं खोक्यात येतात," तो म्हणाला. "तयार. मी कॅमेऱ्यासमोर झाकण काढतो. कधी कधी एखादा बोल्ट सैल करून परत आवळतो."

 आर्डिसने पर्स मांडीवर घेतली आणि विचारलं, "मग तुम्ही भांडता, ते तरी खरं का?"

"ते खरं," दोघे एकदम म्हणाले.

"ते पूर्ण हाताने केलेलं," वेन म्हणाला.

आर्डिस इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बर्टही हसला. मर्ल मात्र हसला नाही. तो म्हणाला, "तुम्ही ते वाक्य का म्हणता? भरायची असेल तर भरा. पण म्हणता कशाला?"

 बर्टने कोपऱ्यातल्या कपाटावरून एक पोतं खाली काढलं. आत एक टाकी होती, बिनरंगाची, नुसता पत्रा, त्यावर हातोडीच्या बारीक खुणा. "टीव्ही यायच्या आधीची," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मेलं. मी विकली नाही. बघा."

मर्लने ती मांडीवर घेतली. वर वाजवली, खाली वाजवली, बाजूला, तळाला. सगळीकडून एकच आवाज आला, स्वच्छ आणि लांबत जाणारा. मर्लने कान टेकवला आणि डोळे मिटले. मग टाकी बर्टकडे दिली, आणि बर्टने वाजवली. मग पुन्हा मर्लने. दोन साठीतली माणसं एक रिकामी टाकी एकमेकांना देत बसली होती. बाहेर हजार माणूस पाच मिनिटं संपायची वाट बघत होता.

नंतर बर्टने विचारलं, "चीजला कसं वाजवता?" मर्लने टेबलावर पेर आपटून दाखवलं. यात जो वेळ गेला तो मी मोजला नाही. आर्डिसने मोजला. पन्नास मिनिटं.

परतीच्या वाटेवर मर्ल मागे गप्प बसून होता. मला गाडीत टोमणे मारायचे होते, मी जुळवूनही ठेवले होते. पण दर वेळी तोंड उघडलं की ते खोकं आठवायचं आणि त्याचं झाकण. इलिनॉय संपत आलं तेव्हा आर्डिस म्हणाली, "किती शांत गाडी आहे. दरवर्षी जाऊ या का?"

सोमवारी हॉलमध्ये सगळे आमच्याभोवती जमले. लोवेलसुद्धा बाईक सोडून आला होता. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं, माणूस म्हणून कसा आहे बर्ट? खरंच तसा आहे?

मी मर्लकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. काय सांगायचं हे आमचं ठरलेलं नव्हतं.

"उंचीला जरा कमी आहे," मर्ल म्हणाला. "टीव्हीत मोठा दिसतो. पण पत्र्यातलं कळतं त्याला. मी स्वतः ऐकलंय."

"आणि वेन?" लोवेलने मला विचारलं.

"सँडविच चांगलं करतो," मी म्हणालो, आणि मर्लशेजारची खुर्ची ओढून बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका बाजूला बसलो होतो, आणि का ते कुणी विचारलं नाही, कारण तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला.